केंद्र पाहायचं तर संध्याकाळी पाहा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आई ७८ वर्षांच्या. अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली, मधुमेह त्याआधीपासूनचा. दोनदा घरातून निघून गेल्या, रात्रीची झोप नाही, आंघोळीला नेणाऱ्या बाईला मारतात, आणि घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या तीन बायका काम सोडून गेल्या. तुम्ही ठाण्यात, नोकरी करणाऱ्या, भाऊ परदेशात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना ठेवून घेणारी दोन केंद्रं पाहून ठेवली आहेत. एक पुण्याच्या पुढे मुळशीकडे: नवी इमारत, बाग, मोठ्या खोल्या. दुसरं ठाण्यातच, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, जरा दाटीचं. भावाला फोटोंवरून पहिलं पसंत आहे. तुमचं ठरत नाही.

फोटोत खोली येते, रात्रपाळी येत नाही. आईंचा आजार अवघड होतो तो संध्याकाळी पाचनंतर, आंघोळीच्या वेळी आणि पहाटे तीनला. त्या वेळी त्यांच्याजवळ कोण असेल, ते माणूस नेमकं काय करेल, आणि दोन वर्षांनी आईंचं चालणं थांबलं तर हीच जागा त्यांना ठेवून घेईल का, एवढं तुम्हाला शोधून काढायचं आहे. बाग त्यानंतर.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधीच सांगते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाला सोबत आणि दिवसाला काही आकार लागतो. आईंसारख्या मधल्या टप्प्यात हात आणि नजर लागते. शेवटच्या टप्प्यात त्वचा, गिळणं आणि लघवी सांभाळणारी शुश्रूषा लागते. आजाराचा प्रकारही महत्त्वाचा. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात चिडचिड आणि भास आवरायला दिलेलं हॅलोपेरिडॉलसारखं औषध माणसाला एकाएकी कडक आणि बेशुद्धीच्या जवळ नेऊ शकतं, म्हणून तिथे डॉक्टर कोण हे पहिल्यांदा विचारायचं. आईंचं निदान अल्झायमरचं आहे असं धरून पुढचं लिहिते. निदानाचा कागद मात्र न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञाचा असावा, नुसतं 'वयामुळे विसरतात' असं लिहिलेला नको.

दुसरी गोष्ट, वृद्धाश्रम आणि स्मृतिभ्रंशाचं केंद्र यांची गल्लत होऊ देऊ नका. बरेच वृद्धाश्रम फक्त चालत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. अंथरूण ओलं व्हायला लागलं किंवा माणूस रात्री दुसऱ्याच्या खोलीत शिरायला लागलं, की 'घेऊन जा' असा फोन येतो. म्हणून फोनवरच विचारा: आज तुमच्याकडे अंथरुणाला खिळलेले किती जण आहेत, आणि त्यांतले किती जण आले तेव्हा चालत होते? दुसऱ्या आकड्यावर उत्तर अडखळलं, तर ती जागा आईंना शेवटपर्यंत ठेवणारी नाही असं समजा.

आता माणसांचा हिशेब. मालक सांगतील, '२४ रहिवासी आणि १२ कर्मचारी, म्हणजे दोघांमागे एक.' ऐकायला छान वाटतं. पण त्या १२ मधून स्वयंपाकाचे दोन, सफाईचे दोन, ऑफिसमधली एक व्यक्ती आणि ड्रायव्हर वजा करा. उरले सहा. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे पाळीला तीन. आठवड्याची सुट्टी धरली, की रोज त्यातलं एक जण कमी. मग दिवसा तिघं आणि रात्री दोघं. म्हणजे दिवसा आठ जणांमागे एक आणि रात्री बारा जणांमागे एक. मदत लागणाऱ्या माणसाची आंघोळ नीट करायची तर अर्धा तास जातो. २४ जणांचे झाले १२ तास, तिघांत वाटले तर प्रत्येकी चार. सगळी सकाळ तिथेच संपली. मग औषधं, नाश्ता आणि डायपर कोण पाहणार? प्रत्यक्षात दहा मिनिटांत अंगावर पाणी ओतून माणूस बाहेर काढतात आणि तिथेच मारामारी होते. काही ठिकाणी दिवसपाळीचा भार हलका व्हावा म्हणून रात्रपाळी पहाटे साडेचारपासूनच आंघोळी उरकते. ते चालतं का, सरळ विचारा.

मधल्या आणि शेवटच्या टप्प्यातली माणसं असतील तर दिवसा पाच जणांमागे एक आणि रात्री आठ-दहा जणांमागे एक जागं माणूस, याच्या खाली मी जाऊ देत नाही. हा आकडा माझ्या कामातला आहे, नियमातला नव्हे. 'जागं' हा शब्द धरून ठेवा. '२४ तास माणूस असतं' याचा अर्थ बऱ्याचदा दिवसभर राबलेली मावशीच रात्री तिथे चटईवर झोपते, असा निघतो. हजेरीपट दाखवायला सांगा, त्यात रात्रीची नावं वेगळी आहेत का ते पाहा. सिस्टर म्हणून ज्यांची ओळख करून देतात त्या जीएनएम किंवा एएनएम, म्हणजे नर्सिंगचा अभ्यासक्रम केलेल्या, आहेत की अनुभवावर तयार झालेल्या, हेही विचारा. अनुभवाची मावशी कमी नसते, कित्येकदा तीच जास्त समजूतदार असते. पण इन्सुलिन कोण टोचतं हे कळायला हवं. एक वर्षाहून जुने कर्मचारी किती, हाही प्रश्न ठेवा. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला नाव लक्षात राहत नाही, पण आवाज आणि हाताची सवय होते. दर महिन्याला माणसं बदलत असतील तर ती सवय होणारच नाही. आणि भाषा: आजार वाढला की मागाहून शिकलेल्या भाषा आधी जातात. आईंना मराठीतच बोलता येत असेल, तर रात्रपाळीत निदान एक जण मराठी बोलणारं पाहिजे.

भेटीचं म्हणाल तर पहिली भेट वेळ ठरवून करा, ती मालकांची. दुसरी संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान, न कळवता. बहुतेक जण रविवारी अकराला जातात. तेव्हा सगळे आंघोळ केलेले, कपडे बदललेले, खुर्चीत बसलेले असतात. संध्याकाळी या आजारात अस्वस्थता वाढते: 'मला घरी जायचंय', 'मुलं शाळेतून आली असतील' सुरू होतं, दाराशी घोळका होतो, आणि नेमकी तेव्हाच पाळी बदलत असते. अशा वेळी कर्मचारी काय करतात ते उभं राहून पाहा. 'आजी, हेच तुमचं घर, गप बसा' असं म्हणतात, की हात धरून एक चक्कर मारून आणतात, शेंगा सोलायला किंवा वाती वळायला देतात? गोंगाट किती, टीव्ही कुणासाठी लावलाय? आत सोडायलाच नकार मिळाला तर कारण ऐका. कुणाला स्वच्छ करत असतील म्हणून दहा मिनिटं थांबवलं तर ते चांगलंच. 'पूर्वपरवानगीशिवाय नातेवाईकसुद्धा नाही' असा कायमचा नियम असेल तर ते केंद्र यादीतून काढा.

आत गेल्यावर सगळ्यांत धडधाकट आजींशी गप्पा मारत बसू नका. मालक तुम्हाला त्यांच्याकडेच नेतील. सर्वांत आजारी माणसाकडे पाहा. नखं कापलेली आहेत का? ओठ कोरडे, जिभेवर पांढरा थर आहे का? कवळी तोंडात आहे की डबीत? चष्मा आणि कानाचं यंत्र ज्याचं त्याच्यावर आहे का? कपडे स्वतःचे आहेत की सगळ्यांना सारखे गाऊन? लघवीचा वास एका खोलीत आला तर आत्ताच काही झालं असेल. सगळ्या जिन्यात आणि पडद्यांना असेल तर डायपर वेळेवर बदलत नाहीत. फिनाइलचा फार उग्र वास हेही तेच सांगतो. सकाळी अकराला किती जण बसल्या जागी डुलक्या घेतायत, मोजा. दोन-चार ठीक. निम्मी खोली पेंगत असेल तर औषधांचा प्रश्न आहे.

आईंच्या बाबतीत खरी परीक्षा आंघोळीची. त्या मारतात म्हणजे बहुतेक घाबरतात: अनोळखी माणूस कपडे काढतंय, गार फरशी, डोक्यावर अचानक पाणी. केंद्रात एवढंच विचारा: 'आई आंघोळीला नाही म्हणाल्या आणि हात उगारला तर तुम्ही काय करता?' प्रश्न मालकांना नको, आंघोळ घालणाऱ्या मावशींना विचारा. चांगलं उत्तर साधारण असं येतं: सोडून देतो, वीस मिनिटांनी दुसरी मावशी जाते, बाथरूम आधी गरम करून ठेवतो, स्टुलावर बसवतो, खांद्यावर टॉवेल तसाच ठेवतो, पाणी पायांपासून सुरू करतो, तांब्या त्यांच्याच हातात देतो, फारच झालं तर त्या दिवशी ओल्या फडक्याने अंग पुसतो, डोकं वेगळ्या दिवशी. 'दोघी-तिघी धरून घालतो, सगळ्यांचीच सवय होते' असं उत्तर आलं, तर उठून निघा. पुरुष कर्मचारी बायकांच्या आंघोळीला असतात का, हे विचारायला संकोच करू नका.

औषधांवर जरा वेळ द्या. चिडचिड आणि रात्रीचं फिरणं यासाठी क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही मनोविकारांवरची औषधं सर्रास वापरतात. कधीकधी लागतातही: भास फार होत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तेव्हा, कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी. पण स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. पक्षाघात, पडणं, अंग कडक होणं, गिळायला त्रास ही बाकीची किंमत. कडकपणा आला की त्यावर ट्रायहेक्सीफेनिडिल देतात, आणि ते आठवण आणखी बिघडवतं. झोपेसाठी ॲव्हिल किंवा फेनरगन या ॲलर्जीवरच्या गोळ्या देणं हाही तसाच चुकीचा रस्ता. तेव्हा विचारा: अशी औषधं कोण सुरू करतं, किती दिवसांनी पुन्हा पाहतं, आणि घरच्यांना आधी कळवता का? लगेच दुसरा प्रश्न: एखादी शांत आजी दोन दिवसांत अचानक भडकली, बडबडायला लागली, तर पहिल्यांदा काय करता? लघवी तपासतो, ताप-साखर-रक्तदाब पाहतो, पोट साफ झालंय का पाहतो, कुठे दुखतंय का, कुठली नवी गोळी सुरू झाली का ते बघतो, हे बरोबर उत्तर. 'गोळी वाढवतो' हे उत्तर धोक्याचं, कारण मूत्रमार्गाचा साधा संसर्ग गोळीखाली झाकला जातो आणि कळतो तेव्हा तो रक्तात उतरलेला असतो.

बांधून ठेवण्याबद्दल थेट बोला. ओढणी, पट्टा, समोर फळी लावलेली खुर्ची, बाहेरून कडी, सगळं त्यातच आलं. पलंगाच्या उंच कठड्यांमुळे माणूस सुरक्षित राहतं असं वाटतं. चालणारं माणूस मात्र त्यावरून चढायला जातं आणि जास्त उंचीवरून पडतं. त्यापेक्षा खाली नेता येणारा पलंग आणि शेजारी गादी बरी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आरोग्य आस्थापनांना स्पष्ट सांगितलंय की, केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येणार नाही; बांधायची वेळ आलीच तर ती तातडीची इजा टाळायला, मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने, नोंद ठेवून. बहुतेक केंद्रांत बांधण्याचं खरं कारण नेमकं तेच, कमी माणसं, असतं. पडल्याच्या नोंदीही मागा. 'आमच्याकडे कुणी पडतच नाही' असं म्हणणारं केंद्र एकतर बांधून ठेवतं किंवा लिहून ठेवत नाही. चालत्या माणसांच्या घरात कोणी ना कोणी पडणारच. कधी, कुठे पडलं, नंतर काय बदललं, एवढं वहीत असलं की पुरे.

जेवणाच्या वेळी एकदा बसा. मधुमेहामुळे आईंसाठी वेळा महत्त्वाच्या. स्वयंपाकीण लवकर घरी जाते म्हणून साडेसहाला जेवण आणि सकाळी साडेआठला नाश्ता असेल, तर मध्ये चौदा तास रिकामं पोट. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर पहाटे साखर उतरते. घाम, गोंधळ, बडबड होते, आणि ते 'आजाराचंच' म्हणून खपून जातं. झोपताना दूध-बिस्किट किंवा तत्सम काही मिळतं का, पहाटे शंका आली तर साखर तपासायला यंत्र हाताशी आहे का, ते पाहा. दर महिन्याला वजन करतात का? महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं तर कारण शोधायलाच हवं. आणि नाकातून पोटात घालतात त्या जेवणाच्या नळीचं, म्हणजे राइल्स ट्यूबचं, विचारा. शेवटच्या टप्प्यात एकेका माणसाला हाताने भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. माणसं कमी असली की 'राइल्स ट्यूब घालून आणा, मगच ठेवतो' अशी अट येते. वाढलेल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा अन्न फुफ्फुसात जाणं थांबतं असं दिसलेलं नाही. ताठ बसवून, लहान घास, मऊ खिचडी किंवा घट्टसर पेज, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं न करणं, हे ज्यांना जमतं ते लोक कामाचे.

इमारतीचं थोडक्यात. तळमजला उत्तम, नाहीतर स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट. संडासाजवळ धरायला दांडे, कडी बाहेरूनही उघडणारी, रात्री मंद दिवा, फरशी चकाकणारी नको. आई निघून जातात, म्हणून बाहेरच्या दाराला घंटा किंवा कोड हवा आणि आत गोल फिरता येईल अशी मोकळी जागा. भिंतीशी संपणारा बोळ त्यांना चिडवेल. फिनाइल, ॲसिड कुलपात. आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. शेवटचं दाखवा म्हणा. सीसीटीव्हीने फार सुखावू नका. तो पाहत कोण बसलंय हे विचारल्यावर सहसा शांतता पसरते.

पैशांचं लेखी घ्या. डायपर, औषधं, डॉक्टरांची भेट, फिजिओ, ॲम्ब्युलन्स, रुग्णालयात बसणारं माणूस यांतलं काय फीमध्ये नाही? 'आजार वाढला' म्हणून फी वाढते तेव्हा टप्पा कोण ठरवतं? आज ४०,००० रुपये असतील आणि दरवर्षी आठ टक्के वाढ असेल, तर पाच वर्षांनी महिन्याला ५८,८०० च्या आसपास जातात. भावाशी हिशेब त्या आकड्यावर करा. अनामत कधी, किती दिवसांत परत? रुग्णालयात असतानाच्या दिवसांचे पैसे? 'आक्रमक वर्तन' झाल्यास २४ तासांत घेऊन जाण्याची अट करारात असेल तर ती आईंवर पहिल्याच आठवड्यात लागू होईल. ती काढून घ्या, किंवा निदान महिन्याची मुदत आणि आधी डॉक्टरांचा सल्ला हे घालून घ्या. आरोग्यविमा रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतो. केंद्राची मासिक फी त्यात धरू नका.

याच संदर्भात एक काम आधी उरका. भाऊ म्हणत असतील की आईंकडून मुखत्यारपत्र घेऊ, तर हे लक्षात असू द्या: आपल्याकडे करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, लिहून देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की मुखत्यारपत्र संपतं. चार वर्षांच्या आजारानंतर केलेलं मुखत्यारपत्र बँकेने नाकारलं तर आश्चर्य वाटायला नको. आईंच्या पैशांतूनच फी भरायची असेल आणि खातं संयुक्त नसेल, तर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावं लागू शकतं. त्याला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाआधीच वकिलांना भेटा.

जागा पसंत पडली तरी थेट कायमचा प्रवेश नको. एक महिना तात्पुरतं ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे आई बिघडतील: घर मागतील, कमी जेवतील, झोप उडेल. तेवढ्यावरून निकाल लावू नका. 'पहिले पंधरा दिवस भेटायला येऊच नका' असं सांगणारी केंद्रं आहेत. मला ते पटत नाही. लहान भेटी, दुपारच्या वेळी, जेवणाच्या आधी, म्हणजे निघताना त्या ताटाकडे वळतील. सोबत एक पानभर लिहून द्या: कोणत्या नावाने हाक मारली की वळतात, चहा किती गोड, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, देव कोणता, गाणी कोणती, कशाला घाबरतात, काय केलं की शांत होतात. ते पान कपाटात गेलं की मावशींच्या तोंडी आलं, ते दुसऱ्या आठवड्यात कळतं. प्रवेशाच्या दिवशी वजन, अंगावरच्या जखमा-वळ (फोटो काढून) आणि गोळ्यांची यादी नोंदवून ठेवा. महिन्याने तिन्ही पुन्हा पाहा. माकडहाड आणि टाचा स्वतः उघडून बघा. लालसर डाग दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर कूस बदलणं होत नाहीये.

तुमच्या दोन केंद्रांपैकी, न पाहता सांगायचं तर माझा कल ठाण्याकडे आहे, आणि कारण एकच: तुम्ही ऑफिसमधून येताना आठवड्यातून दोनदा न कळवता तिथे डोकावू शकता. मुळशीला ते महिन्यातून एकदा होईल, तेही रविवारी अकराला. शिवाय रात्री दोनला रुग्णालयात न्यायची वेळ आली तर तुम्ही अर्ध्या तासात पोहोचाल. पण रात्रपाळी, आंघोळ आणि गोळ्या या तिन्हींत मुळशीचं केंद्र स्पष्टपणे सरस निघालं आणि त्यांचं रुग्णालय अर्ध्या तासाच्या आत असलं, तर अंतर सोसा. दोन्ही नापास झाली तर घाईने कुठेही ठेवू नका. तिसरं शोधेपर्यंत घरी फक्त रात्रीची वेगळी बाई ठेवा, दाराला घंटा लावा, आईंच्या हातात फोन नंबर असलेलं कडं घाला आणि आंघोळ एक दिवसाआड करा. रोजची मारामारी निम्मी कमी होईल. केंद्रं शोधायला आणि तक्रारीलाही ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. मराठीतच बोला.